शब्दचर्चा: ‘माइन आग्नेस’ – व्यक्तिचित्र, रेखाटन की शबीह?

रेघोटी:
नमस्कार मंडळी. चित्रकलेच्या वर्गात जुन्या चित्रांच्या छापील प्रती लावायच्या आहेत आणि प्रत्येकीखाली दोन-तीन ओळी मराठीत लिहायच्या आहेत. तैलचित्रांचं पटकन उरकलं. अडलंय ते जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या एका एवढ्याशा चित्रापाशी. साल १४९४. शाईने काढलेलं, आपल्या पोस्टकार्डापेक्षा जेमतेम मोठं. मूळ चित्र व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहालयात आहे.

चित्रात एक तरुणी बसलीय. कोपर टेकवलेलं, हात हनुवटीपाशी, पापण्या खाली. केस मागे बांधलेले, तरी चारदोन बटा सुटलेल्या. चेहरा थोडा जपून काढलाय. बाह्या आणि पुढचं वस्त्र म्हणजे नुसते फटकारे. आणि ड्यूररच्याच अक्षरात दोन शब्द: ‘माइन आग्नेस’, माझी आग्नेस. ही त्याची बायको आग्नेस फ्राय. लग्न त्याच वर्षी ७ जुलैला झालं.

याला मराठीत काय म्हणायचं? ‘व्यक्तिचित्र’ फार भारदस्त वाटतं. ‘रेखाचित्र’ म्हटलं की मुलांना वर्तमानपत्रातलं चित्र आठवतं. शिवाय ‘कलाकाराच्या सुरुवातीच्या काळातलं’ यासाठी नेमका शब्द हवाय. ‘प्रारंभिक’ मला परिपत्रकातला वाटतो.

बोरूबहाद्दर:
सोपं आधी. ‘प्रारंभिक’ नकोच. मराठीत दोन सख्खी भावंडं आहेत, उमेदवारी आणि उमेद. सोनाराकडे, शिंप्याकडे, छापखान्यात पोरगा काम शिकायला राहायचा, ती उमेदवारी. पुढे निवडणुकीने तो शब्द पळवून नेला, पण कारागिरांच्या तोंडी त्याचा जुना अर्थ पक्का होता. ड्यूररची उमेदवारी १४८६ ते १४८९, न्यूरेंबर्गच्या मिखाएल वोल्गेमुटच्या चित्रशाळेत. त्याआधी बापाच्या हाताखाली सोनारकाम. १४९० मध्ये तो देशाटनाला निघाला तो १४९४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर घरी आला आणि लगेच बोहल्यावर चढला. म्हणजे तुमचं चित्र उमेदवारीतलं नव्हे. ‘उमेदीच्या काळातलं’ लिहा. वय तेवीस, हात तयार, नाव व्हायचं बाकी. उमेद म्हणतात ती हीच.

आता मुख्य मुद्दा. ‘व्यक्तिचित्र’ या शब्दात एक अलिखित करार असतो. कोणीतरी चित्रासाठी बसतं, चित्रकार त्याला बसवतो, दोघांनाही ते ठाऊक असतं. आर्ट स्कूलवाले ‘बैठक’ किंवा सरळ ‘सिटिंग’ म्हणतात. तुमच्या या बाईंची बैठक घेतलेली दिसत नाही. घरात बसल्या होत्या, यांनी काढून टाकलं. म्हणून ‘रेखाटन’. शब्द मराठी क्रियापदातून आलाय, रेखाटणे. त्यात काढण्याची क्रिया जिवंत राहते. रेखाचित्रात ती संपलेली असते.

माहेरवाशीण:
‘रेखाटन’ला माझं मत. पण ती दिसते कशी, यासाठी काय शब्द लिहिणार? एका इंग्रजी पुस्तकात तिला विचारमग्न म्हटलेलं वाचलंय, दुसऱ्यात उदास. मला तर ती सरळ सरळ पेंगुळलेली दिसते.

पाटीपेन्सिल:
पेंगुळलेली! शंभर टक्के. ‘पेंगत असलेली’ म्हणजे मान पडतेय, ‘झोपलेली’ म्हणजे संपलंच. पेंगुळलेल्या माणसाचा हात हनुवटीखाली तसाच असतो आणि डोळे मिटायचे तेवढे बाकी.

चहाबाज:
गालाला हात लावून बसलीय आणि घरातल्या कुणी ओरडलं नाही म्हणजे सासर बरं होतं. आमच्याकडे दळभद्री लक्षण म्हणायचे.

माहेरवाशीण:
@चहाबाज, तुम्ही गंमत केलीत, पण मुद्दा तिथेच आहे. हनुवटीला हात म्हटला की आपण आधी काळजी वाचतो. युरोपातही तसंच होतं. ड्यूररनेच वीस वर्षांनी, १५१४ मध्ये, ‘मेलेन्कोलिया’ हे ताम्रपट कोरून छापलेलं चित्र केलं. त्यात पंखवाली बाई गालाला मूठ लावून बसलीय. ती बैठक खिन्नतेची म्हणून ठरलेलीच होती. आता ते चित्र डोक्यात ठेवून लोक मागे १४९४ कडे बघतात आणि आग्नेसलाही खिन्न ठरवून मोकळे होतात. पण पंखवालीचे डोळे टक्क उघडे आहेत! आग्नेसचे खाली. खिन्न माणूस बघत बसतो, पेंगुळलेला बघत नाही. मी खाली ‘विमनस्क’ वगैरे अजिबात लिहिणार नाही.

बोरूबहाद्दर:
‘विमनस्क’ कशाला, त्या कादंबरीतल्या नायिकेला ठेवा. ‘पेंगुळलेली’ला हरकत नाही. मात्र डोळे मिटलेत की खाली लागलेत याबद्दल पाहणाऱ्यांत एकमत नाही. ‘पापण्या मिटत आलेल्या’ असं लिहिलंत तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातील.

राईनकाठी:
मी जर्मनीत असतो, त्यामुळे त्या दोन शब्दांबद्दल थोडं. आजच्या जर्मनमध्ये स्त्रीलिंगी नावाआधी ‘माइनऽ’ येईल, शेवटी एक हलका स्वर. ड्यूररने नुसतं ‘माइन’ लिहिलंय. ते त्या काळच्या बोलीप्रमाणे, व्याकरण चुकलं असं नव्हे.

मला जास्त गंमत वाटते ती त्याच्या बाकीच्या चित्रांवरच्या ओळींची. तेराव्या वर्षी, १४८४ मध्ये, त्याने आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं. तेही आल्बेर्टिनातच आहे. चांदीच्या तारेने काढलेलं. कागदावर आधी हाडांच्या राखेचा लेप देतात, मग चांदीचं टोक फिरवलं की त्यावर रेघ उठते. ती पुसता येत नाही. सोनाराच्या पोराला चांदी धरायची सवय असणारच. त्यावर त्याने मोठेपणी लिहून ठेवलंय, की हे मी आरशातून माझ्यावरूनच ‘कुंटरफेट’ केलं, म्हणजे हुबेहूब उतरवलं, १४८४ साली, तेव्हा मी अजून लहान होतो.

आता १५२१. नेदरलंड्सच्या दौऱ्यावर आग्नेस बरोबर होती. तिथल्या पोशाखातलं तिचं चित्र त्याने अँटवर्पमध्ये काढलं, रंगवलेल्या कागदावर. त्यावर लिहिलंय, की आल्ब्रेख्त ड्यूररने आपल्या ‘हाउसफ्राउ’वरून, म्हणजे बायकोवरून, हे ‘कॉन्टरफेट’ केलं, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तेव्हा. पुन्हा तेच क्रियापद.

आणि १४९४ च्या चित्रावर? क्रियापद नाही, साल नाही, स्वतःचं नाव नाही. नुसतं ‘माइन आग्नेस’. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यानेच दिलंय. जिथे हुबेहूब प्रतिमा उतरवायची होती तिथे त्याने तसं लिहिलं. इथे ते मनातच नव्हतं.

रेघोटी:
बाप रे, हे कुठल्याच पुस्तकात मला असं शेजारी शेजारी ठेवलेलं दिसलं नव्हतं. ‘कॉन्टरफेट’ म्हणजे इंग्रजीतल्या बनावट नोटांवाला काउंटरफीट का?

राईनकाठी:
तोच. मूळ अर्थ ‘समोर ठेवून तसंच करणं’. इंग्रजीत तो खोटेपणाकडे घसरला. जर्मनमध्ये ‘कॉन्टरफाय’ अजून चेहऱ्याच्या चित्राला म्हणतात, पण थोडं थट्टेत. ‘त्यांचं थोबाड आज पेपरात आलंय’ अशा सुरात.

बोरूबहाद्दर:
मग त्याला मराठीत जोड हवी असेल तर ती ‘शबीह’. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला शब्द, अर्थ ‘सारखा दिसणारा’. ‘शबी’ असंही म्हणत. दरबारी चित्रकाराने काढायची ती शबी. सारखेपणा हाच तिचा धर्म. सवाई माधवरावांच्या वेळी जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात होता. पेशवा आणि नाना फडणीस यांचं त्याने केलेलं मोठं तैलचित्र प्रसिद्ध आहे. अशा कामाला ‘शबी’ शोभते, कारण ते दिसायला हवं तसं दिसलं नाही तर चित्रकाराची खैर नसे.

‘तसबीर’ मात्र वापरू नका. मूळ अर्थ चित्रच, पण आज तसबीर म्हटली की चौकट आली, काच आली, आणि बऱ्याचदा हारही आला. हे चित्र नव्या नवरीचं आहे.

पाटीपेन्सिल:
@राईनकाठी, क्रियापदाची कसोटी आवडली, पण टिकत नाही. ड्यूररने आईचं चित्र काढलं ते १९ मार्च १५१४ ला, कोळशाने. बर्लिनच्या संग्रहात आहे आणि ‘माइन आग्नेस’च्या मानाने चांगलंच मोठं आहे, साधारण ४२ बाय ३० सेंटिमीटर. हाडं, शिरा, कपाळाच्या वळ्या, एका बाजूला ओढलेला डोळा, त्याने काही म्हणता काही सोडलेलं नाही. याहून पक्कं व्यक्तिचित्र कुठलं? आणि त्यावर काय लिहिलंय? ‘ही आल्ब्रेख्त ड्यूररची आई, ६३ वर्षांची होती.’ ‘कॉन्टरफेट’ नाही! पुढे दोन महिन्यांत ती गेली, तेव्हा ती कधी गेली ते त्याने त्याच कागदावर जोडलं.

म्हणजे क्रियापद नसणं हा पुरावा नव्हे. त्याला प्रत्येक वेळी तोच शब्द आठवत असेल असं कशाला धरायचं?

राईनकाठी:
मान्य, आईचं चित्र माझ्या कसोटीत बसत नाही. पण तिथे वय आहे, तारीख आहे, ‘ड्यूररची आई’ असं तिऱ्हाइताला सांगितल्यासारखं आहे. नोंद आहे ती. १४९४ च्या कागदावर तिऱ्हाइताला कळावं असं काहीच नाही. ज्याला आग्नेस कोण हे माहीत नाही त्याला ‘माझी आग्नेस’ वाचून काय बोध होणार? तो कागद कुणाला दाखवायचा नव्हताच.

पाटीपेन्सिल:
हे पटलं. कसोटी क्रियापदाची न धरता वाचणारा कोण आहे याची धरली, तर आईचं चित्र व्यक्तिचित्राकडे जातं आणि हे रेखाटनाकडे.

चहाबाज:
मला एक सांगा, ‘व्यक्तिरेखा’ का नाही? त्यात व्यक्ती आहे, रेखा आहे, आणखी काय पाहिजे?

बोरूबहाद्दर:
पाहिजे ते सगळं आहे आणि म्हणूनच उपयोग नाही. ‘व्यक्तिरेखा’ कधीच नाटका-मालिकांत गेली. आज अमक्या नटाने व्यक्तिरेखा साकारली असंच ऐकू येतं. ‘व्यक्तिचित्र’ही अर्धं साहित्यात राहतं. दिवाळी अंकात व्यक्तिचित्र म्हटलं की पाच पानं मजकूर असतो, चित्र एकही नसतं. चित्रकलेच्या आघाडीवर खरे टिकले ते ग्रेड परीक्षांचे शब्द: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, स्थिरचित्र. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या प्रत्येक पोराला ते तोंडपाठ. त्या यादीत माणसाच्या चेहऱ्याला स्वतंत्र खातं नाही, म्हणून आपण पोर्ट्रेटवर अडखळतो.

माहेरवाशीण:
मला ‘माझी’वर बोलायचंय. भाषांतर बरोबर असलं तरी मराठीत ते कानाला जरा नवं लागतं. आपल्याकडच्या जुन्या पिढीतला नवरा ‘माझी अमकी’ असं बायकोचं नाव घेऊन लिहील का? ‘आमची ही’, ‘आमचं कुटुंब’, फार तर ‘मंडळी’. नाव घ्यायचं तर लग्नात, चारचौघांनी अडवल्यावर, उखाण्यात. एरवी नाव टाळण्यातच सगळी जवळीक. आणि हा गृहस्थ १४९४ साली सरळ नाव लिहितो.

यात आणखी एक बघा. घराण्याच्या वृत्तांतात ड्यूररने स्वतःच्या लग्नाबद्दल लिहिलंय त्याचा आशय असा, की मी घरी आल्यावर हान्स फ्रायने माझ्या वडिलांशी बोलणी केली, आपली मुलगी, आग्नेस नावाची, मला दिली आणि तिच्याबरोबर २०० गुल्डन दिले. ‘मुलगी दिली.’ आपल्या बैठकीतलंच वाक्य! त्यात तिचं नाव हुंड्याच्या आकड्याइतकं कोरडं येतं. चित्रावर तेच नाव ‘माझी’ घेऊन येतं. दोन्हीकडे हात एकच. त्यामुळे तुमच्या ओळीत ‘माझी आग्नेस’ जसंच्या तसं राहू द्या, ‘आमची’ करून गोडवा आणू नका.

राईनकाठी:
@माहेरवाशीण, याला जोडून. १५२१ च्याच प्रवासात ऱ्हाइन नदीवर बोटीत असताना त्याने तिचं आणखी एक रेखाटन केलं, पुन्हा चांदीच्या तारेने. त्यावर लिहिलंय, ‘ऱ्हाइनवर, माझं ‘वाइब’, बोपार्डजवळ’. म्हणजे एकाच बाईसाठी तीन शब्द: उमेदीच्या काळात ‘आग्नेस’, पन्नाशीत ‘वाइब’ आणि ‘हाउसफ्राउ’. ‘वाइब’ त्या वेळी साधा शब्द होता, बायको, बाई. आज कुणा बाईला तसं म्हणाल तर भांडण होईल.

बोरूबहाद्दर:
मग ती आपली ‘बाईल’! तुकोबांच्या अभंगांत सहज येते, त्यात काही वावगं नव्हतं. आज ‘बाईलबुद्ध्या’, ‘बाईलवेडा’ अशा शिव्यांत उरलीय. ‘हाउसफ्राउ’ला ‘गृहिणी’ करू नका. घरधनीण म्हणा, किंवा त्याहून नेमकं ‘कारभारीण’.

राईनकाठी:
कारभारीण फारच चपखल. ती खरोखर कारभार बघायची. ड्यूरर व्हेनिसला गेला होता तेव्हा ती फ्रँकफुर्टच्या जत्रेत त्याची छापचित्रं विकायला जात होती. न्यूरेंबर्गला ड्यूररचं घर आता संग्रहालय आहे, तिथे आग्नेसच्या वेशातली बाई पाहुण्यांना घर दाखवते. घराची मालकीण म्हणून तिलाच पुढे केलंय, हे बरं केलंय.

चहाबाज:
पण तिची कीर्ती काही धड नाही ना? कजाग होती, नवऱ्याला कामाला जुंपून मारलं, असं कुठेतरी वाचलंय.

राईनकाठी:
ते विलिबाल्ड पिर्कहायमरचं पत्र. ड्यूररचा जिवलग मित्र. ड्यूरर १५२८ मध्ये गेला, त्यानंतर याने पत्रात तिच्यावर झोड उठवली: कटकटी, संशयी, पैशाची हावरी. त्याच पत्रात आणखी एक तक्रार आहे. ड्यूररकडची हरणाची शिंगं याला हवी होती आणि तिने ती दुसऱ्याला विकली. शिंगांचा राग केवढा आणि खरं किती, हे ज्याने त्याने ठरवावं. पण पुढची कित्येक शतकं लोकांनी ते पत्र डोळ्यांसमोर ठेवून १४९४ चं चित्र पाहिलं आणि म्हणाले, बघा, तेव्हापासूनच चेहरा आंबट.

माहेरवाशीण:
आणि नवरा? लग्न जुलैत, शरद ऋतूत हा इटलीला रवाना, बायको न्यूरेंबर्गात. तेव्हा गावात प्लेगची साथ होती! मग चेहरा आंबट असला तरी बिघडलं कुठे. पण तो आंबट नाहीच, पेंगुळलेला आहे, मी शब्द बदलणार नाही.

पाटीपेन्सिल:
साधनाबद्दल एक. रेघोटीताई, ओळीत ‘बोरूने काढलेलं’ लिहिणार असाल तर थांबा. बोरू म्हणजे बोरूच्या काडीची लेखणी. युरोपात त्या काळी मुख्यतः पक्ष्याच्या पिसाची लेखणी असे. ‘टाक’ही नको, त्याने धातूचं निब डोळ्यांपुढे येतं. ‘पिसाच्या लेखणीने, शाईने’ पुरे. पीस दाबलं की रेघ जाड, उचललं की बारीक. बाह्यांवरच्या त्या झटक्यांत ते स्पष्ट दिसतं. मुलांना प्रतीवर बोट फिरवून दाखवा, कुठे दाबलंय ते.

रेघोटी:
सगळ्यांचे आभार. ओळी अशा केल्यात:

‘माझी आग्नेस. आल्ब्रेख्त ड्यूररचं उमेदीच्या काळातलं रेखाटन, १४९४. पिसाची लेखणी आणि शाई. पापण्या मिटत आलेली ही पेंगुळलेली तरुणी म्हणजे त्याची बायको. चेहऱ्यावरच्या रेघा मोजा आणि मग बाह्यांवरच्या मोजा.’

शेजारी आईचं कोळशातलं चित्र लावणार आहे, त्याखाली मात्र ‘व्यक्तिचित्र’. १५२१ च्या अँटवर्पच्या चित्राखाली ‘शबीह’ लिहायचा मोह होतोय, पण आठवीच्या मुलांना तो शब्द पुन्हा कुठे भेटणार?

बोरूबहाद्दर:
तुम्ही लिहिलात तर तिथेच भेटेल की. लिहा.

माहेरवाशीण:
‘बायको’ राहू द्या, कुणी ‘पत्नी’ करायला सांगितलं तरी ऐकू नका. शेवटची रेघा मोजायची ओळ झकास.

चहाबाज:
मी प्रत मोठी करून मोजायला घेतल्या. डाव्या बाहीपाशी सोडून दिलं. चहा झाल्यावर परत बघतो.